नेट्रिन-१ ची स्फटिकरचना स्वतः कशी वाचावी: चेतातंतूंना वाट दाखवणाऱ्या प्रथिनाचा पायरीपायरीने अभ्यास

गर्भात मज्जारज्जू घडत असताना काही चेतापेशींचे लांब तंतू म्हणजेच अ‍ॅक्सॉन मधली रेषा ओलांडून पलीकडे जातात. डाव्या-उजव्या बाजूचा मेळ त्यावर अवलंबून असतो. त्यांना वाट दाखवणाऱ्या प्रथिनांपैकी नेट्रिन-१ चा अभ्यास फार खोलवर झाला आहे. १९९४ मध्ये मार्क टेसिए-लाविन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भांच्या हजारो मेंदूंमधून ते वेगळं काढलं. त्याचंच भावंड असलेलं यूएनसी-६ हे प्रथिन सूत्रकृमीत त्याआधीच सापडलं होतं. नेट्रिन पेशीतून बाहेर स्रवतं आणि पेशींभोवतीच्या आधारद्रव्याला चिकटून बसतं. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच आधारद्रव्यातल्या लॅमिनिनसारखा घडलेला आहे.

२०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी नेट्रिन-१ च्या स्फटिकरचना, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेले अणूंचे नकाशे, प्रसिद्ध केल्या. एक काम ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात आलं, दुसरं ‘सायन्स’मध्ये. दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहात फुकट उघडता येतात. मुंबईत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला असलेल्या मुलामुलींना स्फटिकशास्त्र दोन-चार तासांत शिकवून संपतं, आणि रंगीत फितींचं चित्र म्हणजेच रचना असा समज पक्का होतो. तो समज जावा म्हणून हा लेख. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नेट असलेला फोन किंवा कॉलेजच्या लॅबमधला संगणक, एक आलेख वही आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी एवढं पुरतं.

आधी प्रश्न, मग चित्र

वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: एकच नेट्रिन-१ काही अ‍ॅक्सॉनना जवळ ओढतं आणि काहींना दूर लोटतं, ते कसं?

अ‍ॅक्सॉनच्या टोकावर कोणते ग्राहक (बाहेरचा संदेश पकडणारी प्रथिनं) आहेत यावर हे ठरतं, एवढं आधीपासून माहीत होतं. डीसीसी हा ग्राहक असेल तर ओढ, त्याच्या जोडीला यूएनसी-५ कुटुंबातला ग्राहक आला तर दुरावा. (डीसीसीचं नाव मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरून पडलं, कारण त्याचं जनुक तिथेच पहिल्यांदा हाती लागलं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग संस्थेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा धागा लक्षात ठेवावा.) पण रेणूच्या पातळीवर नेमकं कोण कुणाला कुठे धरतं हे कळत नव्हतं. प्रश्न समोर नसला तर तासभर चित्र फिरवूनही हाती काही लागत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

पहिली पायरी: नोंदीचं पान वाचा, थ्री-डीला हात लावू नका

डेटा बँकेच्या शोधपेटीत ४-यूआरटी हा संकेत टाका. चार हा अंक आणि त्यापुढे रोमन लिपीतली यू, आर, टी ही अक्षरं. नेट्रिन-१ चा तुकडा आणि डीसीसीचा तुकडा एकमेकांना धरून आहेत अशी ही रचना आहे. पानावरच्या या गोष्टी वहीत उतरवा: पद्धत, रिझोल्यूशन, आर-फ्री, कोणत्या प्राण्याचं प्रथिन, आणि प्रत्येक साखळीत किती अमिनो आम्लं.

रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची स्पष्टता, ३.१ अँगस्ट्रॉम आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. इतक्या स्पष्टतेला साखळीचा कणा कुठून कसा गेला हे भरवशाने दिसतं. ट्रिप्टोफॅन, टायरोसिनसारख्या मोठ्या बाजूच्या साखळ्या बहुधा ओळखता येतात. सुट्या पाण्याचे रेणू मात्र जेमतेम दिसतात, आणि हायड्रोजन तर मुळीच नाहीत. म्हणून या रचनेत ‘इथे हायड्रोजन बंध आहे’ असं कुणी म्हटलं की ते दोन अणूंमधल्या अंतरावरून काढलेलं अनुमान असतं. १.५ अँगस्ट्रॉमच्या रचनेवर ठेवाल तेवढा विश्वास इथे बाजूच्या साखळीच्या टोकावर ठेवू नका.

आर-फ्री हा प्रतिकृती (मोजमापांवरून उभी केलेली अणूंची रचना) आणि मोजमाप यांच्यातल्या तफावतीचा आकडा आहे. प्रतिकृती सुधारताना बाजूला ठेवलेल्या मोजमापांवर तो काढतात, त्यामुळे त्यात लबाडी करणं अवघड असतं. तीन अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रचनेत तो ०.२५ ते ०.३० दरम्यान असणं ठीक समजतात. त्याच पानावर लाल ते निळ्या रंगाच्या पट्ट्या असतात. खूण निळ्याकडे असेल तर इतर रचनांच्या तुलनेत दर्जा चांगला. त्यातली एक पट्टी रामचंद्रन आलेखाची असते; साखळीच्या कण्याचे कोन शक्य कक्षेत आहेत का हे तो तपासतो. १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही कसोटी आजही जगातल्या प्रत्येक नव्या प्रथिनरचनेला लावतात. त्याच रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासोबत त्याआधी कोलॅजेनची तिहेरी वेटोळी रचना मांडली होती, आणि कोलॅजेन हेही पेशीबाहेरच्या आधारद्रव्याचंच प्रथिन. आपण परक्या अंगणात शिरत नाही आहोत, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे.

दुसरी पायरी: कापलेलं काय ते कागदावर काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही.

युनिप्रॉट या दुसऱ्या फुकट संग्रहात माणसाच्या नेट्रिन-१ ची नोंद ओ-९५६३१ या क्रमांकावर आहे. त्यात ६०४ अमिनो आम्लं आहेत. आलेख कागदाच्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवा आणि एका अमिनो आम्लाला एक मिलिमीटर असं प्रमाण घ्या. पट्टी ६०.४ सेंटीमीटरची होईल. पहिले २४ मिलिमीटर काट मारून टाका, कारण तो संकेत-तुकडा पेशीतून बाहेर पडतानाच कापला जातो. साधारण ४.७ ते २८.४ सेंटीमीटरपर्यंत एलएन हा गोळीव भाग. त्यापुढे एलई-१ हा ३४ सेंटीमीटरपर्यंत, एलई-२ हा ४०.३ पर्यंत, एलई-३ हा ४५.३ पर्यंत. मग एक छोटा दुवा, आणि ४७.२ ते ६०.१ पर्यंत एनटीआर हा शेवटचा भाग. प्रत्येकाला वेगळा रंग द्या.

आता स्फटिकात प्रत्यक्ष काय होतं ते नोंदीच्या पानावरून पाहा आणि जे नव्हतं त्यावर पेन्सिलने रेघोट्या मारा. एनटीआर भाग पूर्ण रेघोट्यांखाली जाईल. नेट्रिनच्या याच भागावर धन प्रभार दाट आहे, आणि आधारद्रव्यातल्या हेपरान सल्फेट या ऋण प्रभाराच्या साखरसाखळ्यांना तो चिकटतो. म्हणजे नेट्रिनला जागेवर धरून ठेवायला मदत करणारा भागच चित्रात नाही.

डीसीसीचीही पट्टी करा, क्रमांक पी-४३१४६. त्यात १४४७ अमिनो आम्लं आहेत, म्हणजे जवळपास दीड मीटरची पट्टी. पेशीबाहेर चार इम्युनोग्लोब्युलिन भाग, सहा फायब्रोनेक्टिन भाग, मग पटल ओलांडणारा छोटा तुकडा आणि उरलेला भाग पेशीच्या आत. ४-यूआरटीत यातले फक्त पाचवा आणि सहावा फायब्रोनेक्टिन भाग आहेत, एकूण वीसेक सेंटीमीटर. वर्गात ही पट्टी फळ्यावर चिकटवली तेव्हा डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग उरलेला डीसीसी काय करत असतो?” तिला म्हटलं, “बाळा, हाच प्रश्न वहीत लिही, आणि रचना बघताना तो पुसू नकोस.”

तुकडे का करतात हेही थोडक्यात. पूर्ण रेणू लांब आणि सांध्यांपाशी लवचिक असतो, आणि स्फटिकात अब्जावधी प्रती एकाच ठेवणीत रचल्या जायला हव्यात. सांधे हलत असतील तर ते जमत नाही. शिवाय नेट्रिनसारख्या प्रथिनात डायसल्फाइड पूल (दोन सिस्टीनांच्या गंधकांमधले बंध) आणि साखरेच्या शाखा असतात. त्या बॅक्टेरियात नीट घडत नाहीत, म्हणून अशी प्रथिनं बहुधा सस्तन प्राण्यांच्या किंवा कीटकांच्या पेशींमध्ये तयार करतात. पुढचं काम, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून मोजमाप, सिंक्रोट्रॉन या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर होतं. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ वर बीएआरसीने उभारलेली प्रथिन-स्फटिकांसाठीची पीएक्स-बीएल२१ ही किरणवाहिनी आहे. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने एका रात्रीत पोहोचता येईल एवढ्या अंतरावर हे सगळं चालतं.

तिसरी पायरी: आता थ्री-डी उघडा आणि आकार समजून घ्या

नोंदीच्या पानावर थ्री-डीचा टॅब दाबला की मोलस्टार हा दर्शक ब्राउझरमध्येच उघडतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. रचना एकदा आली की ती फोनच्या मेमरीत असते, त्यामुळे लोकलमध्ये मध्येच नेट गेलं तरी फिरवणं, जवळ आणणं चालू राहतं. पण मेन्यू बारीक असतात. मोजमापाचं काम मोठ्या पडद्यावर, माउस हातात घेऊनच करा.

सुरुवातीला रंग साखळीनुसार ठेवा, म्हणजे नेट्रिन एका रंगात आणि डीसीसी दुसऱ्या. वरच्या क्रमपट्टीवर नेट्रिनच्या सुरुवातीच्या अमिनो आम्लावर टिचकी मारा आणि तिथून हळूहळू पुढे सरका. आधी एलएनचं गोळीव डोकं लागेल, बीटा पात्यांच्या दोन थरांचं. मग तीन एलई भाग एका ताठ दांडीसारखे एकामागे एक. कागदी पट्टी शेजारी ठेवा आणि रंग बदलतो त्या जागी थांबा.

एलई भागात एक मिनिट रेंगाळा. इथे ना मोठी वेटोळी आहेत ना रुंद पाती. मग हा भाग ताठ कसा राहतो? क्रमपट्टीत या भागातली सिस्टीनं शोधा. प्रत्येक एलई भागात आठ असतात, त्यांच्या चार जोड्या. एका सिस्टीनवर टिचकी मारा, त्याच्या शेजारचे अणू उघडतील. मग मोजमापाच्या साधनाने त्याच्या गंधकापासून जोडीदाराच्या गंधकापर्यंतचं अंतर मोजा. साधारण २.०५ अँगस्ट्रॉम मिळेल. तो सहसंयुजी पूल आहे, नुसती जवळीक नाही. चारही पूल मोजा आणि वहीत लिहा. हे हाताने केल्यावर ‘डायसल्फाइडने स्थैर्य येतं’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

साखर कुठे लागली आहे तेही पाहा. अ‍ॅस्परॅजिनला जोडलेली एनएजी नावाची षट्कोनी कडी दिसेल. साखर लागलेली जागा सहसा दुसऱ्या प्रथिनाला चिकटायला मोकळी नसते, त्यामुळे बंधस्थान शोधताना याचा उपयोग होतो.

एक सापळाही सांगून ठेवते. एलएन भागात कॅल्शियमचा आयन बसतो आणि त्याची खूण रोमन ‘सीए’ अशी असते. प्रत्येक अमिनो आम्लातल्या अल्फा कार्बनचंही नाव ‘सीए’च. शोधताना ‘सीए’ टाकलं की शेकडो अणू उजळतात आणि मुलं गोंधळतात. अणूचं नाव आणि घटकाचं नाव यांत फरक करा, एवढंच.

चौथी पायरी: कोण कुणाला धरतं

एलई-३ च्या टोकाशी या. डीसीसीचा पाचवा फायब्रोनेक्टिन भाग तिथे नेट्रिनला भिडलेला दिसेल. भिडलेल्या जागेतल्या एका अमिनो आम्लावर टिचकी मारा, शेजारचे अणू आणि संभाव्य बंध तुटक रेषांनी उमटतील. दोन्ही बाजूंची चार अँगस्ट्रॉमच्या आतली अमिनो आम्लं एका तक्त्यात लिहा. हे डीसीसीसाठीचं खास बंधस्थान.

दुसरं बंधस्थान शोधायला थोडं कष्ट पडतात. फाइलमध्ये स्फटिकाचा एकच मूळ घटक असतो आणि त्याच्या शेजारच्या प्रती सममितीने मिळतात. दर्शकाच्या रचना विभागात सममितीतल्या शेजाऱ्यांचा पर्याय निवडा. आता एकाच नेट्रिनला डीसीसीचे दोन रेणू धरून आहेत असं दिसेल. दुसरी पकड पहिल्या दोन एलई भागांच्या बाजूला आहे. तिथे जवळ जा. नेट्रिनच्या त्या पृष्ठभागावर धन प्रभार आहे, समोरच्या डीसीसीवरही धनच. दोघांनी एकमेकांना ढकलायला हवं. पण मधे सल्फेटचे आयन बसले आहेत, आणि त्यांच्या ऋण प्रभाराने दोन्ही बाजू जोडून धरल्या आहेत.

मला या रचनेतली सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते. ‘न्यूरॉन’मधल्या कामाचा निष्कर्ष असा की या जागी डीसीसीच हवा असं नाही, यूएनसी-५ए तिथे येऊन बसू शकतो. दोन्ही जागांवर डीसीसी असेल तर ओढ, आणि या सर्वसाधारण जागेवर यूएनसी-५ए आला तर दुरावा. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं हे उत्तर.

ते उत्तर नेमकं कशावर उभं आहे ते मात्र वेगळं लिहा. सल्फेट स्फटिक वाढवायच्या द्रावणातून आलं आहे. शरीरात त्या जागी हेपरान सल्फेटच्या साखळ्या असाव्यात, हे अनुमान आहे. चांगलं, रसायनाला धरून केलेलं, तरी अनुमानच. वहीत ‘पाहिलं’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने करा आणि प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात जातं ते ठरवा.

घनतेचा नकाशा (मोजमापांवरून काढलेलं इलेक्ट्रॉनांचं वाटप) उघडता येत असेल तर सल्फेटभोवती तो खरंच आहे का ते पाहा. निळी जाळी अणूंना वेढून असायला हवी. हिरवे ठिपके म्हणजे मोजमापात काहीतरी आहे पण प्रतिकृतीत नाही, लाल म्हणजे त्याच्या उलट.

पाचवी पायरी: ही पकड खरी की स्फटिकातली गर्दी?

स्फटिकात रेणू खच्चून भरलेले असतात, त्यामुळे शरीरात कधीच न होणारे स्पर्शही तिथे दिसतात. एखादा स्पर्श खरा आहे का हे ठरवायला माझ्या मते सगळ्यात चांगली कसोटी म्हणजे दुसऱ्या गटाची, दुसऱ्या स्फटिकातली रचना.

म्हणून आता ४-पीएलओ उघडा. ही ‘सायन्स’मधल्या कामातली आहे: कोंबडीचं नेट्रिन-१ आणि उंदराच्या डीसीसीचे चौथा व पाचवा फायब्रोनेक्टिन भाग. एलई-३ आणि पाचवा भाग यांची पकड इथेही दिसेल. प्राणी वेगळे, तुकडे वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या, पकड तीच. तिच्यावर निःशंक विश्वास ठेवा.

दुसरी पकड मात्र जुळणार नाही. या रचनेत नेट्रिनचं एलएन डोकं डीसीसीच्या चौथ्या भागाला धरतं. मग कोण बरोबर? कागदी पट्ट्या पुन्हा समोर घ्या. ४-यूआरटीच्या तुकड्यात चौथा भाग नव्हताच, त्यामुळे ही पकड तिथे दिसणं शक्य नव्हतं. ४-पीएलओत सहावा भाग नव्हता. दोन्ही गटांनी आपापल्या तुकड्यात जे दिसू शकत होतं तेच पाहिलं. दोन पकडी एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत, दोन्ही शक्य आहेत. तुकडा कुठे कापला यावर उत्तराचा आकार ठरतो, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

त्यानंतर ४-पीएलएन बघा, तेच नेट्रिन पण ग्राहक निओजेनिन. निओजेनिनही डीसीसीसारखाच, तरी एकत्र येण्याची रचना वेगळी: एकीकडे दोन नेट्रिन आणि दोन ग्राहकांची बंद चौकडी, दुसरीकडे सलग वाढत जाणारी साखळी. चौथ्या आणि पाचव्या भागांमधला दुवा किती लांब आहे यावर हे ठरतं, असं त्या गटाने दाखवलं.

इतर कसोट्या पटकन सांगते. पीसा हे फुकट साधन पकडीखाली झाकलेलं क्षेत्रफळ काढून देतं. पकडीतली अमिनो आम्लं माणूस, कोंबडी, उंदीर यांच्यात तीच राहिली आहेत का, ते युनिप्रॉटमध्ये क्रम एकाखाली एक लावून कळतं. आणि मूळ शोधनिबंधात त्या जागेचं अमिनो आम्ल बदलून अ‍ॅक्सॉनचं वागणं बदललं का ते वाचायचंच.

सहावी पायरी: रुग्णांमधले बदल नकाशावर मांडा

काही माणसांत एक हात मुद्दाम हलवला की दुसरा हात आपोआप त्याची नक्कल करतो. जन्मजात असणाऱ्या या विकारात अ‍ॅक्सॉनची मधल्या रेषेवरची वाट चुकलेली असते. डीसीसी जनुकातल्या बदलांमुळे तो होतो हे २०१० मध्ये समजलं, आणि २०१७ मध्ये नेट्रिन-१ च्या जनुकातलेही बदल सापडले. त्यांत ५१८ क्रमांकाचं आयसोल्युसिन गळलेलं होतं, आणि ६०१ क्रमांकाचं सिस्टीन बदललेलं.

पट्टीवर ५१.८ आणि ६०.१ सेंटीमीटरवर खूण करा. दोन्ही खुणा रेघोट्यांखाली, एनटीआर भागात पडतील. ज्या बदलांमुळे माणसांत विकार होतो, ते २०१४ च्या या स्फटिकरचनांवर दाखवताच येत नाहीत.

याला २०१७ मधल्याच आणखी एका कामाची जोड द्या. नेट्रिन मज्जारज्जूच्या तळपट्टीतून (मधल्या रेषेवरच्या तळाच्या पेशींच्या पट्ट्यातून) निघून दूरवर पसरतं आणि अ‍ॅक्सॉन त्या दिशेने ओढले जातात, असं पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. उंदरांच्या पश्चमेंदूत तळपट्टीतलं नेट्रिन काढून टाकलं तरी अ‍ॅक्सॉननी मधली रेषा गाठली. तिथे वाटेवरच्या पेशींनी स्रवलेलं, जागच्या जागी धरलेलं नेट्रिन महत्त्वाचं ठरलं. मज्जारज्जूत तळपट्टीचा वाटा किती, यावर नंतरही काम झालं आहे. पण नेट्रिन कुठे आणि कसं चिकटून बसतं हा प्रश्न त्यामुळे मोठा झाला, आणि चिकटण्यात हात असलेला भाग याच रचनांमधून गायब आहे.

या भागासाठी अल्फाफोल्ड या संगणकाने भाकीत केलेल्या रचनांच्या संग्रहाचा आधार घ्या. ओ-९५६३१ हाच क्रमांक तिथे चालतो. गडद निळा रंग म्हणजे खात्री जास्त, नारिंगी म्हणजे फार कमी. एनटीआर भागाची स्वतःची घडण पाहा, पण तो एलई-३ च्या तुलनेत नेमका कुठे वळला आहे यावर चित्र बघून काही ठरवू नका. त्यासाठी खालचा चौकोनी त्रुटी-आलेख असतो. दोन भागांच्या छेदाचा चौकोन फिकट असेल तर त्यांची परस्पर जागा संगणकालाही पक्की माहीत नाही. शिवाय अल्फाफोल्डच्या या चित्रात साखर नसते, कॅल्शियम नसतं, सल्फेटही नसतं. चौथ्या पायरीतली पकड त्यात सापडणार नाही.

पुढे काय उघडावं

एवढं झालं की नेट्रिनबरोबर ड्रॅक्सिन या प्रथिनाच्या रचना शोधा. ड्रॅक्सिन नेट्रिनलाही धरतं आणि डीसीसीलाही. मग २०२१ मध्ये ‘सेल’मध्ये आलेली नेट्रिन-१, आरजीएम आणि निओजेनिन यांची तिहेरी रचना घ्या. तिथे दोन संदेश देणारी प्रथिनं एकाच ग्राहकाला एकदम धरतात आणि संदेशच थांबवतात. प्रत्येक वेळी आधी नोंदीचं पान, मग कागदी पट्टी, मग थ्री-डी. ज्यांना हे काम हाताने करायचं आहे त्यांनी बीएआरसी, पवईची आयआयटी आणि अ‍ॅक्ट्रेक इथल्या उन्हाळी प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये उच्च क्षमतेच्या एनएमआरची (चुंबकीय क्षेत्रात रेणू अभ्यासण्याच्या तंत्राची) राष्ट्रीय सुविधा आहे. स्फटिकात न मावणारे हलते सांधे त्या मार्गानेही अभ्यासता येतात. अर्ज करताना या वहीतली दोन पानं सोबत जोडा, ‘पाहिलं’ आणि ‘अनुमान’ हे दोन्ही रकाने दिसतील अशी.